कंपू, क्यांपु आणि कॅम्प नंबर चार

उल्हासनगरच्या पत्त्यात एक मोठी सोय आहे. पिनकोडचा शेवटचा आकडा बघितला की शहराचा कोणता भाग ते कळतं. 421001 म्हणजे कॅम्प नंबर एक, 421005 म्हणजे कॅम्प नंबर पाच. बोलताना तर 'कॅम्प'ही गळून पडतो. विठ्ठलवाडीला उतरलेला माणूस नुसतं 'चार नंबर' म्हणतो आणि रिक्षा सुटते.

आता विजयवाड्याकडचा एखादा तरुण अंबरनाथच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि चार नंबरात खोली बघायला निघाला, असं समजा. त्याला 'कॅम्प' हा शब्द अनोळखी नाही. उलट घरी तो रोजच्या बोलण्यातला आहे, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. तेलुगूत 'क्यांपुकी वेळ्ळारु' म्हणजे साहेब दौऱ्यावर गेले. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा कलेक्टर हिवाळ्यात तंबू, कारकून आणि दप्तर घेऊन गावोगाव फिरायचा. त्या फिरत्या कचेरीला कॅम्प म्हणत. तंबू गेले, शब्द राहिला. मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानातल्या कचेरीलाही तिकडे 'क्यांपु कार्यालयम्' म्हणतात. आपल्याकडेही सरकारी पत्राच्या कोपऱ्यात 'कॅम्प : नागपूर' असं दिसतं, पण बोलताना आपण 'दौरा' किंवा 'मुक्काम' म्हणतो.

तेलुगू वर्तमानपत्रांत 'क्यांपु राजकीयालु' असाही एक शब्द वाचायला मिळतो. बहुमताची ओढाताण सुरू झाली की आमदारांना किंवा नगरसेवकांना रिसॉर्टवर नेऊन ठेवायचं, ते हे राजकारण. मराठी बातमीदार अशा वेळी सदस्यांना 'अज्ञात स्थळी' पाठवतात, फार तर 'सहलीला' नेतात. कृती एकच, पण आपल्याला तिथे कॅम्प आठवत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्पाचा अर्थ या कशातच बसत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी 'मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प' उभारला गेला. युद्ध संपलं, बॅरेकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे आणलं गेलं. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बॅरेकींत मध्ये आडोसे घालून एकेका कुटुंबाने खोली मांडली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं. 'ट्रान्झिट' हा शब्द तेव्हाच विसरला गेला. 'कॅम्प' मात्र टिकला, आणि त्याच्या सोबतीने बॅरेक, ब्लॉक, सेक्शनही टिकले. जुन्या पत्त्यात आधी बॅरेक नंबर, मग रूम नंबर, मग कॅम्प असा क्रम असे. बॅरेकीच्या जागी चार मजले चढले तरी पत्त्यातली बॅरेक काही हलली नाही.

कॅम्पच्या कुळातला एक शब्द मराठीत इंग्रज राज्य येण्याच्या आधीच शिरला होता, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये द बॉयन या युरोपीय सेनानीला चाकरीत घेऊन युरोपीय कवायतीच्या पलटणी उभ्या केल्या. अशा फौजेला 'कंपू' म्हणत. तो इंग्रजी 'कॅम्प'वरून आला की पोर्तुगीज 'कांपो'वरून, याबाबत 1886 साली निघालेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश दोन्ही शक्यता देतो, पण झुकतो पोर्तुगीजकडे. ग्वाल्हेरात आजही कंपू नावाची वस्ती आहे. इकडे मराठीत मात्र त्या कवायती फौजेची चार टाळक्यांची टोळी झाली, आणि 'कंपूबाजी' तर साहित्य संमेलनापासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळीकडे चालते. म्हणजे एकाच मुळाचे दोन शब्द आपण वापरतो आणि त्यांचं नातं आपल्या गावीही नसतं.

तळाची वस्ती होणं तेलुगू माणसालाही नवं नाही. 'पाळेम्' म्हणजे सैन्याचा तळ, आणि पुढे वाडी. रावुलपालेमसारखी कितीतरी गावं या शब्दाने संपतात. मराठी बखरींतून भेटणारे दक्षिणेतले पाळेगार याच कुळातले. विसाव्या शतकात हेच इंग्रजी शब्दाच्या बाबतीत पुन्हा घडलं. मांजरा नदीवर 1931 मध्ये निजामसागर पूर्ण झाला आणि किनारी आंध्रातले शेतकरी निजामाबाद जिल्ह्यात भातशेतीसाठी येऊन राहिले. त्यांच्या वस्त्यांच्या नावांना 'क्यांपु' चिकटलं ते कायमचं. हा भाग आपल्या नांदेडला लागूनच आहे. पुढे तुंगभद्रा धरणाच्या पाण्यामागे असेच शेतकरी कर्नाटकात सिंधनूर-गंगावती भागात गेले, आणि तिथेही गावांची नावं 'कॅम्प'वर संपू लागली. निजामाबादकडचा माणूस उल्हासनगरला आला तर त्याला चार नंबर लगेच समजेल. विजयवाड्याच्या त्या तरुणाला समजावून सांगावं लागेल. दोघांची मातृभाषा तेलुगूच, हे विशेष.

'ब्लॉक'चीही तीच तऱ्हा. बदलापूर-डोंबिवलीच्या जुन्या पिढीला ब्लॉक म्हणजे चाळ सोडून घेतलेलं स्वतंत्र संडास-बाथरूमचं घर. पंचायत समितीत ब्लॉक म्हणजे तालुका. आणि रविवारी सकाळी बदलापूर स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाला ब्लॉक म्हटलं की फक्त रेल्वेचा मेगाब्लॉक आठवतो. त्यावर तो जे बोलतो ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नसतं.

कोशांनी या बाबतीत आपली निराशा केली आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला, कँडीचा इंग्रजी-मराठी 1847 मध्ये, चार्ल्स फिलिप ब्राउनचा तेलुगू-इंग्रजी 1852 मध्ये. ही मंडळी पंडितांना बरोबर घेऊन लोकांच्या तोंडचे शब्द टिपत होती. आज फोनवर 'कॅम्प'चा अर्थ शोधला तर मराठीत 'शिबिर' मिळतं आणि तेलुगूत 'शिबिरम्'. दोन भाषांना एकच संस्कृत शब्द देऊन काम उरकलेलं असतं. रक्तदानाला तो ठीक आहे. पण 'उल्हासनगर शिबिर क्रमांक चार' असं पाकिटावर लिहून बघा, पोस्टमनही हसेल. इंग्रजी शब्द भारतात दीडदोनशे वर्षं राहिले, आणि त्यांना इथे जे अर्थ फुटले ते इंग्लंडच्या कोशात सापडायचे नाहीत. ते आपल्याच कोशांत यायला हवेत, वापराच्या वाक्यासकट आणि गावाच्या नावासकट.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकांच्या घरी जुनी रेशनकार्डं, भाडेपावत्या, लग्नपत्रिका असतील. या दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत देण्याआधी त्यांवरचा पत्ता जसाच्या तसा वहीत उतरवून घ्या, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाला घरातली मोठी माणसं काय म्हणत, तेही शेजारी लिहून ठेवा.