माजी सैनिकांचे मेळावे कशासाठी?

शिवाजी पार्कवरील २६ जानेवारीचे संचलन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. संचलन लवकर संपते. वर्दी उतरविल्यानंतरचे आयुष्य मात्र लांब असते. जवान १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनास पात्र होतो, म्हणजे पुष्कळदा ऐन पस्तिशी-चाळिशीतच घरी परततो.

ज्या महाराजांचे नाव या मैदानास आहे, त्यांचा जयघोष हीच मराठा लाइट इन्फन्ट्रीची रणगर्जना. तिची सर्वांत जुनी ‘जंगी पलटण’ १७६८ साली उभी राहिली. बेळगावच्या रेजिमेंटल केंद्रात वेळोवेळी भरणाऱ्या मेळाव्यांस निवृत्त जवान सहकुटुंब जातात. हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, बडा खाना होतो, जुने सोबती भेटतात.

परंतु अशा मेळाव्यांतील खरे काम चालते ते तक्रार निवारणाच्या टेबलांपाशी. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली जुनी रीत. पलटणीच्या दप्तरात माहेरचे नाव आणि रेशनकार्डावर सासरचे, असे झाले की पतीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन अडते. ती दुरुस्ती तो हयात असतानाच करून घेणे सोपे. नंतर साक्षीला उरतात ते पलटणीतले सोबतीच.

फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले. म्हणून तो दिवस आता माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आपण शेजारच्या एखाद्या वीरपत्नीचे कागद वाचून दिले, अर्ज भरून दिला, तरी आपले शिक्षण कारणी लागेल.