पाच दुकानं, भाव एकच

अमेरिकेत उपनगरात घर घेतलं की घरासोबत हिरवळ येते आणि हिरवळीमागून यंत्रं. गवत कापायला लॉनमोवर, कडेकोपरे साफ करायला ट्रिमर, पाचोळा उडवायला ब्लोअर, वादळात पडलेलं झाड तोडायला चेनसॉ. नव्याने तिथे गेलेला पुणे-नागपूरचा माणूस ही खरेदी करायला निघतो तेव्हा घासाघीस त्याच्या हाडीमासी मुरलेली असते. नावाजलेल्या कंपनीच्या चेनसॉचा भाव तो एका डीलरकडे विचारतो, मग दहा मैलांवरच्या दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. आकडा तोच, अगदी शेवटच्या पंच्याण्णव सेंटांसकट. ‘काहीतरी कमी करा की’ म्हटल्यावर दुकानदार हसतो आणि एखादी जास्तीची साखळी किंवा ऑइलची बाटली पुढे सरकवतो. यंत्राच्या किमतीला मात्र हात लावत नाही.

सगळ्या दुकानदारांनी संगनमत केलंय, असा संशय इथे येतोच. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. भाव वरून आलेला असतो, आणि तो वरून कसा येऊ शकतो याचा अमेरिकेत शंभर वर्षांहून मोठा कोर्टकज्जा आहे.

१९११ मध्ये डॉ. माइल्स या औषध कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, उत्पादकाने दुकानदाराशी किमान विक्री किमतीचा करार करणं बेकायदा आहे. आठच वर्षांनी, १९१९ मध्ये, कोलगेटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एक दार किलकिलं करून ठेवलं. करार करू नका. पण ‘या भावाखाली विकणाऱ्याला आम्ही माल देणार नाही’ असं एकतर्फी जाहीर करायला आणि त्याप्रमाणे माल बंद करायला कंपनी मोकळी आहे. या फटीतून आजवर असंख्य कंपन्या आत-बाहेर करत आल्या. त्यातली गंमत अशी की, भाव पाडणारा डीलर ‘चुकलं, पुन्हा नाही करणार’ म्हणाला आणि कंपनीच्या माणसाने ते मान्य केलं, तर तो करार ठरू शकतो. म्हणून वकील विक्री प्रतिनिधींना बजावतात, की धोरणाचा कागद हातात द्या, पण त्यावर चर्चा करू नका आणि वचन तर मुळीच घेऊ नका. पुढे २००७ मध्ये लीजिन खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने १९११ चा निकालच मोडीत निघाला. किमान भावाचा करार आपोआप बेकायदा धरायचा नाही, प्रत्येक प्रकरणात त्याचे परिणाम तपासायचे, असं ठरलं. विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी हिशेब मांडला होता, की दहा टक्के उत्पादक जरी या वाटेने गेले तरी चौघांच्या कुटुंबाचा वर्षाचा खर्च ७५० ते १००० डॉलरनी वाढेल.

एवढा खटाटोप कंपन्या कशासाठी करतात? डीलरने भाव पाडून जास्त यंत्रं विकली तर कंपनीचा मालही जास्तच खपेल. अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला, आणि त्यांचं उत्तर बागकामाच्या यंत्रांना चपखल लागू पडतं. एक दुकानदार जाणकार माणूस ठेवतो, नमुन्याची यंत्रं चालू करून दाखवतो, साखळी कशी ताणायची, ऑइल किती मिसळायचं ते शिकवतो. ग्राहक अर्धा तास सगळं शिकून घेतो आणि यातलं काहीच न करणाऱ्या शेजारच्या स्वस्त दुकानातून यंत्र उचलतो. असं चार वेळा झालं की पहिला दुकानदारही शिकवणं बंद करतो, आणि मग ते यंत्र नीट विकणारं कोणीच उरत नाही. भाव बांधून दिला की दुकानदारांना भांडायला किंमत उरत नाही; चढाओढ सेवेत करावी लागते. युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त त्यात एक गृहीत आहे: बांधलेल्या भावातला जास्तीचा नफा दुकानदार खरोखर सेवेवर खर्च करतो. सगळेच करतात असं नाही.

डीलरच्या गल्ल्यात काय पडतं ते पाहिलं की हे चित्र आणखी उलगडतं. नव्या यंत्रावर त्याचं मार्जिन बेताचं असतं. दुकान तगतं ते सुट्या भागांवर आणि दुरुस्तीच्या मजुरीवर. यंत्रंही बऱ्याचदा उधारीची. कंपन्या थंडीच्या आधीच पुढच्या हंगामाची ऑर्डर मागतात, लवकर आणि मोठी ऑर्डर देणाऱ्याला जास्त सूट देतात, आणि मालाचे पैसे वित्त कंपनी भरते. ठरावीक महिने बिनव्याजी गेले की व्याजाचा मीटर सुरू होतो. त्यामुळे ऑक्टोबरात दुकानात उभ्या राहिलेल्या लॉनमोवरकडे मालक ज्या नजरेने पाहतो, ती एप्रिलमधली नजर नव्हे. छापील भावात न मावणारी सवलत मिळायची तर ती याच दिवसांत मिळते. बागकामाची कंत्राटं घेणाऱ्यांसाठी तर भावाची पाटीच वेगळी असते, कारण वर्षाला चार-सहा यंत्रं घेणारा माणूस ब्लेड, फिल्टर आणि दोऱ्याच्या रिळांसाठी महिन्यातून चारदा येतो.

दुरुस्तीच्या धंद्याला सगळ्यात मोठा हातभार लावतं ते पेट्रोल. अमेरिकेत पंपावरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. शरद ऋतूत टाकीत पेट्रोल तसंच ठेवून यंत्र गॅरेजमध्ये ढकललं, तर वसंतात कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसलेला असतो आणि दोरी कितीही ओढली तरी इंजिन दाद देत नाही. शिळ्या पेट्रोलाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मग एप्रिल-मेमध्ये दुरुस्तीच्या रांगा दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांवर जातात, आणि निष्ठेचा खरा भाव तिथे ठरतो. अनेक डीलर आपल्याकडून घेतलेल्या यंत्राला आधी हात लावतात. मोठ्या साखळी दुकानातून स्वस्तात आणलेलं यंत्र रांगेच्या शेवटी जातं; काही ठिकाणी तर दारातूनच परत पाठवतात. खरेदीच्या वेळी पन्नास डॉलर वाचवणाऱ्याने गवत गुडघ्याएवढं वाढताना पाहत बसायचं.

हे ज्याने आकड्यांत मांडलं आणि त्यावर कंपनी पणाला लावली, तो माणूस म्हणजे जिम व्हियर. व्हियर ज्या सिम्प्लिसिटी कंपनीचे प्रमुख होते, तिने २००२ मध्ये स्नॅपर हा जुना लॉनमोवरचा ब्रँड घेतला. स्नॅपरचा कारखाना अटलांटाजवळच्या मॅकडोना गावात होता. स्नॅपरची यंत्रं तेव्हा वॉलमार्टमध्येही विकली जात. व्हियर बेंटनव्हिलला वॉलमार्टच्या मुख्यालयात गेले आणि यापुढे माल देणार नाही, असं सांगून आले. कोट्यवधी डॉलरच्या विक्रीवर पाणी सोडायला उठलेला पुरवठादार तिथे रोज येत नसावा. चार्ल्स फिशमन यांनी ‘फास्ट कंपनी’ मासिकात आणि नंतर ‘द वॉलमार्ट इफेक्ट’ या पुस्तकात ही हकिकत लिहिली आणि ती गाजली. वॉलमार्टमध्ये मरे कंपनीचं साधं लॉनमोवर शंभर डॉलरच्या आत मिळत होतं; स्नॅपरचं सगळ्यात स्वस्त यंत्र साडेतीनशेच्या घरात. वॉलमार्टच्या फळीवर टिकायचं तर दर वर्षी किंमत उतरवायची, किंमत उतरवायची तर पत्रा पातळ करायचा, आणि दुसरीकडे स्वतंत्र डीलरांनी ‘आमचंच यंत्र तिकडे स्वस्त मिळतं’ म्हणून ब्रँड सोडायचा. व्हियरनी डीलर राखले.

इथे थांबलं तर ही शूराची गोष्ट होते, पण पुढचं सांगितलं पाहिजे. २००४ मध्ये इंजिनं बनवणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने सिम्प्लिसिटी विकत घेतली, त्यात स्नॅपर आलं. त्याच वर्षी मरेचं दिवाळं निघालं, आणि २००५ मध्ये तिचा ब्रँडही ब्रिग्जच्याच पदरात पडला. वॉलमार्टला ‘नाही’ म्हणणारा आणि ‘हो’ म्हणणारा, दोघे एकाच छपराखाली आले. पुढे स्नॅपरच्या नावाची लॉनमोवर वॉलमार्टमध्ये पुन्हा दिसू लागली. मॅकडोनाचा कारखाना बंद करायचं ब्रिग्जने २०१४ मध्ये जाहीर केलं, आणि २०२० च्या जुलैमध्ये खुद्द ब्रिग्जनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. डीलरांशी राखलेली निष्ठा कंपनी विकली जाते तेव्हा करारात कुठेच लिहिलेली नसते.

जर्मनीची स्टिल ही कंपनी या बाबतीत जास्त हटवादी. १९२६ मध्ये आन्द्रेआस स्टिल यांनी स्टुटगार्टमध्ये सुरू केलेली ही कंपनी आजही घराण्याच्या मालकीची आहे, म्हणून तिला हट्ट परवडतो. अमेरिकेत तिने होम डेपो आणि लोव्ज या दोन्ही महाकाय साखळ्यांना माल दिला नाही, आणि आपली करवत तिथे का मिळत नाही हे वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन अभिमानाने सांगितलं. ठरावीक संख्येने ऑइलच्या बाटल्या यंत्रासोबत घेतल्या की घरगुती ग्राहकाची वॉरंटी दुप्पट, ही तिची तिथली योजना म्हणजे किमतीला हात न लावता सवलत कशी द्यावी याचा नमुनाच.

युरोपात मात्र हा हट्ट तिला महागात पडला. चेनसॉसारखं धोकादायक यंत्र डीलरने ग्राहकाच्या हातात समोरासमोर, समजावून द्यावं, ऑनलाइन विकलं तरी खोक्यातून पाठवू नये, असा तिचा नियम होता. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये म्हटलं की, कायद्याला एवढी अट लागत नाही. प्रत्यक्षात ही ऑनलाइन विक्रीवरची बंदीच आहे. दंड ७० लाख युरो. पुढे अपिलात तो थोडा उतरला. चेनसॉने पाय कापून घेणारे लोक खरोखरच असतात, त्यामुळे सुरक्षेचं कारण अगदीच बनाव नव्हतं. पण त्याच कारणाने इंटरनेटवरची भावाची चढाओढही थांबत होती.

याच स्टिलचं भारतातलं कार्यालय पुण्याजवळ चाकणला आहे, आणि कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर जे ग्रासकटर घुमू लागतात त्यांत तिचीही यंत्रं असतात. इथला खेळ उलटा आहे. आपल्याकडे पाकिटावर छापलेली एमआरपी ही कमाल किंमत. त्याखाली हवं तेवढं उतरता येतं, म्हणून घासाघीस तिच्या खालच्या जागेत रंगते. पॉवर टिलरसारख्या अवजाराला महाडीबीटीवरून अनुदान मिळवायचं तर कोटेशन, पूर्वसंमती, मग खरेदी आणि बिल अपलोड, अशी पायरी-पायरीची वाट. अनुदान हाती येतं ते सगळ्यात शेवटी. हे कागद नीट करून देणारा तालुक्याचा डीलर हजार रुपये जास्त घेतो हे माहीत असूनही शेतकरी त्याच्याकडेच जातो, यात भाबडेपणा काही नाही.

किमान भाव बांधण्याबद्दल मात्र भारतीय कायदा अमेरिकेपासून फार लांब नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्यात पुनर्विक्री किंमत लादण्याला वेगळं कलम आहे, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला दणका मोटारींना बसला. एका निनावी ईमेलमध्ये तक्रार होती, की मुंबई सोडून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागात मारुती सुझुकी डीलरांना ठरवून दिल्यापेक्षा जास्त सूट देऊ देत नाही. चौकशीत निघालं की सूट कोण देतं हे शोधायला ग्राहक बनून शोरूममध्ये जाणारी माणसं नेमली होती, आणि सापडलेल्या डीलरला दंड व्हायचा. स्पर्धा आयोगाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये मारुतीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली.

ग्राहकाला धरून ठेवण्याचे मार्गही आता बदलताहेत. ट्रॅक्टर आणि लॉनमोवर दोन्ही बनवणाऱ्या जॉन डीअरविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ च्या जानेवारीत दावा लावला. दुरुस्तीसाठी लागणारं पूर्ण सॉफ्टवेअर कंपनी फक्त आपल्या अधिकृत डीलरांनाच देते, त्यामुळे शेतकऱ्याला दुसरीकडे जाताच येत नाही, असा त्यातला आरोप. चांगल्या मेकॅनिकमुळे परत येणारा ग्राहक आणि कुलूप लावून परत आणलेला ग्राहक, डीलरच्या वहीत दोघांची नोंद सारखीच होते.

बॅटरीने तर मेकॅनिकच बाजूला सारला. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून बागकामाच्या बहुतेक नव्या छोट्या यंत्रांना धूर सोडायची मुभा उरली नाही. बॅटरीच्या यंत्राला कार्बोरेटर नाही, शिळं पेट्रोल नाही, म्हणजे एप्रिलची रांगही नाही. ग्राहकाला बांधते ती बॅटरीची खोबण. एका कंपनीच्या दोन महागड्या बॅटऱ्या घेतल्या की पुढचा ट्रिमर, ब्लोअर, कुंपण छाटायचं यंत्र त्याच कंपनीचं घ्यावं लागतं, आणि रयोबीची यंत्रं अमेरिकेत होम डेपोतच मिळतात. इगो हा असाच लोकप्रिय ब्रँड आधी होम डेपोत होता. २०२० मध्ये त्याने लोव्जशी हातमिळवणी जाहीर केली आणि माल तिकडे वळला. ज्यांच्या गॅरेजमध्ये इगोच्या बॅटऱ्या होत्या ते नारिंगी पाटीचं दुकान सोडून निळ्या पाटीच्या दुकानात गेले. तिथला भाव बरा की वाईट, हा प्रश्न त्यांना पडायचं कारणच नव्हतं; चार्जर घरी भिंतीला लावलेला होता.