मीठ कमी केलं, तरी बीपी उतरेना

मंडईचे दिवस होते. आमच्या बचत गटाने गावात आरोग्य तपासणी शिबिर ठेवलं होतं. पस्तिशीतला एक मुलगा (लग्न झालेलं नाही म्हणून 'मुलगा' म्हणायची आपली सवय!) दोनदा दारातून परत गेला. तिसऱ्यांदा नर्सबाईंनी पट्टा बांधला, तर बीपी १६०-१००. तंबाखू नाही, घरात कुणाला बीपी नाही.

"झोप लागते का रे?" मी सहज विचारलं.

"रातभर नाही लागत जी, काकू."

पुढचं कळायला चार-पाच भेटी लागल्या. त्याला पुरुष आवडतात. शाळेत चालण्यावरून चिडवलं, मारलंही. दंडारीत लुगडं नेसून नाचला की गाव शिट्ट्या वाजवायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच गाव पानठेल्यावर त्याची नक्कल करायचं. बाप बोलेनासा झाला. मग सुरू झाल्या सोयरिकी. प्रत्येक स्थळाच्या वेळी त्याच्या पोटात गोळा येई. पुढे दारू लागली.

मैत्रिणींनो, भीती वाटली की छाती धडधडते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ती भीती दहाव्या वर्षापासून रोजची असेल तर? शरीर सतत सावध राहतं, झोप उडते, रक्तदाब चढतो. अमेरिकेत फेलिटी आणि आंदा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये हजारो लोकांच्या अभ्यासातून दाखवलं, की लहानपणीचे आघात जितके जास्त, तितका पुढे हृदयविकार, नैराश्य आणि व्यसनाचा धोका जास्त. इलन मेयर यांनी २००३ मध्ये समलिंगी आणि उभयलिंगी माणसांवरच्या या जास्तीच्या ताणाची मांडणी केली. टोमणे तर असतातच, पण 'कुणाला कळलं तर?' ही धास्तीही माणसाला पोखरते. ज्यांना स्त्री-पुरुष दोन्ही आवडतात, त्यांना तर "मग लग्न करायला काय हरकत?" हेही ऐकावं लागतं.

त्यात कायदा! २००९ ते २०१३ ही वर्षं सोडली, तर कलम ३७७ मुळे हा मुलगा तिशीला टेकेपर्यंत गुन्हेगारच ठरत होता. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला ते ओझं उतरवलं. जागतिक आरोग्य संघटनेने तर १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. तरीही एका दवाखान्यात त्याला सांगण्यात आलं, "लग्न करून टाक, सगळं ठीक होईल." तेव्हापासून डॉक्टरची पायरीच नको झाली. एचआयव्हीची मोफत तपासणीसुद्धा तो वर्षानुवर्षं टाळत राहिला, ओळखीचं कुणी भेटेल म्हणून.

आणि त्या लग्नातल्या मुलीचं काय, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. मला तर आधी तोच आला, खरं सांगते.

आता तो बीपीची गोळी घेतो. नागपूरला सारथी ट्रस्ट या संस्थेत आपल्यासारखी माणसं भेटतात, हे त्याला कळलंय. एकदा जाऊन आला. रात्री फारच जीव घाबरला तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मी त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय. दारू कमी झालीय, सुटलेली नाही.

घरी आईला त्याने अजून सांगितलेलं नाही. परवा ती मला बाजारात भेटली. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बाई, भाजीत मीठ कमी केलं जी. लोणचंबी बंद केलं. तरी पोराचं बीपी काहून उतरत नाही?"