हुकूम द्यावा कसा?

मुलें संगणकावर बंदुकीचे खेळ खेळूं लागलीं म्हणजे घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात, व त्या बहुधा योग्यच असतात. माढा तालुक्यांतील आमच्या मोडनिंबासारख्या गांवींहि असे खेळ आतां येऊन पोहोंचले आहेत; तेव्हां शहरापासून दूर राहिल्यानें हा प्रश्न टळेल अशी आशा कोणीं बाळगूं नये. परंतु सारेच खेळ एका मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. ज्यांत नेम धरण्यापेक्षां हुकूम देण्याचीच परीक्षा अधिक होते, असा ‘स्वॉट ४’ नांवाचा एक पोलिसी खेळ आहे. त्याची ओळख वाचकांस उपयोगी पडेल.

ह्या मालिकेचा उगम १९८७ सालच्या ‘पोलिस क्वेस्ट’ ह्या खेळांत आहे. तो रचणारे जिम वॉल्स हे पूर्वी कॅलिफोर्नियांतील महामार्ग-पोलिसांत नोकरीस होते. ‘स्वॉट ४’ हा २००५ सालीं ‘इर्रॅशनल गेम्स’ ह्या अमेरिकन मंडळीनें तयार केला. बिकट प्रसंगीं धाडण्यांत येणाऱ्या खास पोलीस पथकास तिकडे ‘स्वॉट’ म्हणतात. खेळणारा हा त्या पथकाचा नायक. त्याच्या हाताखालीं चार शिपाई. दोघांची तांबडी जोडी, दोघांची निळी. हुकूम एका जोडीस द्यावा कीं चौघांस, हें त्यानेंच ठरवावयाचें.

समोर बंद दार आहे. पलीकडे गुन्हेगार आहे, ओलीस धरलेली बाई आहे, कीं कोणीच नाहीं, हें ठाऊक नाहीं. कारण प्रत्येक वेळीं आंतील माणसें जागा बदलून ठेवलेलीं असतात. अशा वेळीं ‘पुढें व्हा’ एवढेंच म्हणून भागत नाहीं. दाराच्या दोन्ही अंगांस ओळीनें उभे राहा; फटींतून नळी घालून आंत पाहा; कुलूप उघडा; डोळे दिपविणारा गोळा टाकून मग आंत शिरा; मागच्या दारास पाचर मारा; असा एकेक हुकूम निवडून द्यावा लागतो. क्रम चुकला तर आपलाच शिपाई पडतो.

शाळेंतील कवायत आठवावी. ‘पीछे’ ह्या शब्दानें काय करावयाचें तें कळतें; ‘मुड’ ह्या शब्दानें केव्हां करावयाचें तें कळतें. दोहोंमध्यें जो क्षणभर विराम असतो, त्यांत शंभर मुलांची मनें एक होतात. २००६ सालीं ह्या खेळास जी पुरवणी निघाली, तींत हीच सोय आली. तांबड्या जोडीस एका दाराशीं व निळीस दुसऱ्या दाराशीं हुकूम देऊन थांबवून ठेवतां येतें. मग नायकाच्या एका शब्दासरशीं दोन्ही दारें एकदम उघडतात.

पण ह्या खेळाचें खरें मर्म त्याच्या गुणदानांत आहे. शंभरांपैकीं गुण मिळतात. ‘पोलीस! शस्त्र खालीं टाका!’ असें ओरडून संशयितास शरण येण्याची संधि द्यावी, ही येथें रीत आहे. ज्याच्यापासून तत्काळ धोका नाहीं त्याच्यावर गोळी झाडली तर गुण कापले जातात. जिवंत पकडलेल्या माणसाचे गुण अधिक, मेलेल्याचे कमी. सांपडलेलीं शस्त्रें गोळा करावयाचीं, आणि बेड्या घातलेल्या प्रत्येकाची खबर वरिष्ठांस द्यावयाची. तेथें हयगय झाली तरीहि गुण जातात. म्हणजे हुकूम सोडणाऱ्यालाहि जाब द्यावा लागतो.

ही कल्पना आपणांस परकी नाहीं. आषाढी वारींत मुक्कामीं समाजआरतीच्या वेळीं चोपदार दंड उंच करतो, आणि क्षणापूर्वीं गर्जत असलेले टाळ-मृदंग थांबतात. परंतु ज्या दिंडीची कांहीं तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिजकडे जातो, ऐकून घेतो, मगच पुढील काम चालतें. जो ऐकून घेतो त्याचाच हुकूम हजारोंकडून मानला जातो.

संशयितास जिवंत धरण्याचें मोल किती, हें महाराष्ट्रानें फार मोठी किंमत देऊन पाहिलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्रीं गिरगांव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनीं अजमल कसाबच्या बंदुकीची नळी हातांनीं धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, व प्राण सोडले. सोबत्यांनीं कसाबला जिवंत पकडलें. दहा हल्लेखोरांपैकीं जिवंत हातीं लागलेला तो एकच. म्हणूनच एका आरोपीस न्यायासनापुढें उभें करतां आलें. २०१० सालीं खास न्यायालयानें त्यास शिक्षा ठोठावली, व २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. साताऱ्याकडील केडंबे गांवच्या ह्या वीरास २००९ सालीं अशोकचक्र अर्पण करण्यांत आलें. त्या बलिदानाशीं खेळाची बरोबरी करणें अनुचित होईल. परंतु खेळांतला तो नियम कोणत्या सत्यावर उभा आहे, तें मुलांस ह्या उदाहरणानें समजावून सांगतां येईल.

ह्या खेळांत रक्तपात व भीषण दृश्यें आहेत. अमेरिकेंत तो सतरा वर्षें व त्यांवरील वयासाठींच ठरविलेला आहे. लहान मुलांच्या हातीं तो मुळींच देऊं नये. परंतु महाविद्यालयांत जाणारा मुलगा तो खेळत असेल, तर ‘किती जणांस मारलेंस?’ असें विचारण्याऐवजीं ‘किती जणांस जिवंत आणलेंस, आणि तुझे चारहि शिपाई सुखरूप परतले काय?’ असें पालकांनीं विचारावें. उत्तर देतांना त्याला आपले हुकूम एकेक आठवावे लागतील.