विजेवरचं खत: गाडं अडलंय इलेक्ट्रोलाइटवर

बारामती-इंदापूरकडच्या आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्राची. लागणीला थोडं, मग फुटव्याला, आणि मोठा हप्ता मोठ्या बांधणीला. हे सगळं नत्र युरियातूनच द्यायचं म्हटलं तर एकरी ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या लागतात. गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते, कारण उरलेली किंमत सरकार भरतं.

या गोणीचं मूळ अमोनियात आहे. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या कारखान्यात नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात आणि तो हवेतल्या नायट्रोजनशी जोडतात. जोडणीची ही रीत फ्रिट्झ हाबरने १९०९ साली प्रयोगशाळेत दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला तिचा कारखाना उभा राहिला. तापमान ४०० ते ५०० अंश, दाब हवेच्या दीड-दोनशे पट, आणि टनभर अमोनियामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड. तेव्हा नुसती वीज, पाणी आणि हवा वापरून, एवढी उष्णता आणि दाब टाळून अमोनिया करता येईल का, हा प्रश्न संशोधकांना बरीच वर्षं छळतो आहे. उत्प्रेरकांवर ढीगभर शोधनिबंध निघाले. पण निकाल बहुतेक वेळा ठरवला तो इलेक्ट्रोलाइटने, म्हणजे दोन विद्युतअग्रांमधल्या वीजवाहक माध्यमाने.

इलेक्ट्रोलाइट आपल्याकडे अनोळखी नाही. पाणी परीक्षणाच्या अहवालात ‘ई.सी.’चा रकाना असतो. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी त्यातून वीज सहज वाहते. तेच तो आकडा सांगतो. नीरा डाव्या कालव्याखालच्या खारवट जमिनी कसणाऱ्यांना आणि द्राक्षाला ठिबकमधून खत सोडणाऱ्यांना तो चांगलाच परिचयाचा आहे.

सर्वांत स्वस्त इलेक्ट्रोलाइट म्हणजे क्षार विरघळवलेलं पाणी. पण तिथेच घात होतो. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायला फार ऊर्जा लागते, आणि लिटरभर पाण्यात नायट्रोजन विरघळतो तो जेमतेम २० मिलिग्रॅम. उलट हायड्रोजन व्हायला पाणी टपलेलंच असतं. परिणामी वीज खर्चून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि अमोनिया नावालाच मिळतो. तो नावापुरता अमोनिया तरी खरा का? डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की हवेतून, श्वासातून, घटातल्या पडद्यातून आलेला अमोनियाही प्रयोगाच्या खात्यावर जमा होतो. तेव्हापासून नायट्रोजन-१५ या जड समस्थानिकाने पडताळणी केल्याशिवाय दावा सहसा ग्राह्य धरला जात नाही.

म्हणून काहींनी पाणीच सोडलं. टेट्राहायड्रोफ्युरान या सेंद्रिय द्रावकात लिथियमचा क्षार विरघळवायचा. वीज सोडली की विद्युतअग्रावर लिथियम धातू साचतो, तो नायट्रोजन धरतो, आणि प्रोटॉन मिळाले की अमोनिया सुटतो. १९९३-९४ मध्ये जपानी संशोधकांनी प्रोटॉन पुरवायला यात सुमारे एक टक्का इथेनॉल घातलं. हेच इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होतं! पुढे मोनॅश विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये इथेनॉलऐवजी फॉस्फोनियम क्षार वापरला. २०२२ मध्ये त्यांनी लिथियमचा वेगळा, इमाइड क्षार निवडला आणि जवळजवळ शंभर टक्के वीज अमोनियात उतरल्याचं दाखवलं. यंत्र तेच, मीठ बदललं की निकाल बदलतो.

याचं रहस्य विद्युतअग्रावर जमणाऱ्या पातळ थरात आहे. इलेक्ट्रोलाइट फुटून हा थर तयार होतो. तो लिथियम आत जाऊ देतो, पण प्रोटॉन भसाभस येऊ देत नाही. थर फार जाड झाला तर नायट्रोजन अडतो, फार पातळ राहिला तर पुन्हा हायड्रोजन. शिवाय टेट्राहायड्रोफ्युरान ६६ अंशाला उकळतो आणि चिकट बहुवारिकात बदलत जातो. २०२४ मध्ये डेन्मार्कच्या गटाने डायग्लाइम हा साखळी ईथर घेतला. त्याने विद्युतघट ३०० तास चालला आणि ६४ टक्के वीज कामी आली.

तिसरी वाट तापलेल्या इलेक्ट्रोलाइटची. ग्रीसमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ५७० अंशांवर प्रोटॉनवाहक सिरॅमिकमधून अमोनिया काढला. २०१४ मध्ये वितळलेल्या हायड्रॉक्साइडमधल्या यशाचा गाजावाजा झाला, पण तो शोधनिबंध २०२० मध्ये मागे घेतला गेला. नायट्रोजन हवेतला नव्हता, उत्प्रेरकातल्या अशुद्धीचा होता!

आता आपल्या रानाचा हिशेब मांडू. एकरी १६० किलो नत्र म्हणजे सुमारे १९५ किलो अमोनिया. पाण्यातून हायड्रोजन काढून हाबरच्या भट्टीत घातला तर किलोला १० ते १२ युनिट, म्हणजे एकराला दोन हजारांच्या आसपास युनिट. लिथियम साचवायलाच तीन व्होल्ट लागतात, त्यामुळे एकही इलेक्ट्रॉन वाया न जाता किलोला १४ युनिट होतात. ६४ टक्के कार्यक्षमतेला २२. प्रोटॉन पुरवणाऱ्या हायड्रोजनचा खर्च वेगळा. म्हणून आज तरी हरित अमोनियाचे प्रकल्प आखले जातात ते हाबरच्याच भट्टीवर. साखर पट्ट्याकडे मात्र एक जमेची बाजू आहे: युरियाला लागणारा कार्बन डायऑक्साइड डिस्टिलरीच्या किण्वनातून बराच शुद्ध मिळतो.

तेव्हा विजेवर अमोनिया करणारं यंत्र घेऊन कोणी दारात आला, तर त्याला आधी दोन गोष्टी विचारा: इलेक्ट्रोलाइट कोणता, आणि किलोला युनिट किती? उत्तर येईपर्यंत माती परीक्षण करून नत्राचे हप्ते वेळेवर, ठिबकमधून द्या. वाचलेली गोणी हीच सध्याची सर्वांत स्वस्त गोणी आहे.