पेंटाग्राम: गिटार की सिंथ?

जयपूरच्या मराठी मित्रांनो, आपल्या ग्रुपवरचा जुना वाद पुन्हा पेटलाय, म्हणून थोडी माहिती. पेंटाग्राम हा मुंबईचा बँड 1994 सालचा. गायक विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरेया, बासवर पपल माने, ड्रम्सवर शिराझ भट्टाचार्य. 1996 चा पहिला अल्बम ‘वी आर नॉट लिसनिंग’ सरळसोट, गिटारप्रधान रॉक. 2002 च्या ‘अप’मध्ये इलेक्ट्रॉनिक आवाज ठळकपणे आले आणि चाहत्यांत फूट पडली. एका गटाला वाटतं, रॉकचा राकटपणा तिथेच हरवला.

मला हे अजिबात पटत नाही. 2007 च्या ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’मधलं ‘व्हॉइस’ हेडफोन लावून ऐका. सिंथ आहेच, पण विशालचा तो फाटका, तळमळून येणारा आवाज कुठेही दबत नाही. रँडॉल्फने मोनिका डोग्राबरोबर ‘शायर अँड फंक’ ही इलेक्ट्रॉनिक जोडी काढली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीताची ही ओढ तात्पुरती नव्हतीच.

आपल्या जयपूरहून गाडीने काही तासांवरच्या अलसीसर महालात 2013 मध्ये मॅग्नेटिक फील्ड्स महोत्सव सुरू झाला. इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी लोक तिथे देशभरातून आले. या श्रोत्यांसाठी वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत पेंटाग्राम नक्कीच आहे.

पेंटाग्रामचा 2011 चा अल्बम ‘ब्लडीवुड’ही सलग ऐका आणि तुमचं मत कमेंटमध्ये जरूर लिहा.