स्थापत्य अभियंता होताना – भाग ५ : साइटवरचं पहिलं वर्ष

गेल्या भागात दहावीनंतरचा डिप्लोमा आणि बारावीनंतरची डिग्री या दोन वाटा पाहिल्या. वाट कोणतीही असो, पहिली नोकरी साइटवरच धरावी असं माझं ठाम मत आहे. एसी ऑफिसात ईटॅब्सवर डिझाइन करण्याचं आकर्षण मोठं. पण ज्याने सळई बांधताना कधी पाहिली नाही, तो बीम-कॉलमच्या जोडात कागदावर इतक्या सळया कोंबतो की प्रत्यक्षात व्हायब्रेटरची सुई आत शिरत नाही.

स्लॅबचा दिवस घ्या. ट्रान्झिट मिक्सर येतो, काँक्रीट जरा घट्ट वाटतं आणि मुकादम म्हणतो, "साहेब, थोडं पाणी मारू का? पटकन सरकेल." इथेच तुमची परीक्षा. एम-२५ आरसीसीला मध्यम एक्स्पोजरमध्ये पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०च्या वर जाऊ देऊ नका, असं आयएस ४५६ सांगतं. म्हणजे ५० किलोच्या पोत्यामागे फार तर २५ लिटर. वरून मारलेलं पाणी उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं. ताकद घटते, शिवाय त्याच छिद्रांतून ओल सळईपर्यंत पोचते. तेव्हा आधी स्लम्प घ्यायचा : ३०० मिमी उंचीचा शंकू, दर थराला गजाचे २५ ठोके, शंकू उचलल्यावर काँक्रीट किती बसलं ते मोजायचं. कमी भरलं तर प्लांटला फोन करून अ‍ॅडमिक्श्चरचं विचारायचं, पाण्याचा पाइप मात्र लांबच ठेवायचा.

मग १५० मिमीचे क्यूब भरायचे. काही ७ दिवसांनी फोडायचे, काही २८ दिवसांनी. एम-२५च्या हिशेबाने अशा एका क्यूबने सुमारे ५७ टन भार पेलायला हवा. पण २८ दिवसांत वरच्या मजल्याचं काम सुरू झालेलं असतं, म्हणून 'नाही' म्हणायचं ते मिक्सर उभा असतानाच. निम्मं आयुष्य साइटवर गेलेल्या मुकादमाला कालच्या पोराने नाही म्हणणं जड जातं, हे खरं. त्यात सेंटरिंगचा कोणता टेकू कच्चा आहे, हे त्याच्याकडूनच शिकायचं असतं. तेव्हा आवाज न चढवता सांगा, पण सांगा.

सरकारी खात्यातही निराळं नाही. कनिष्ठ अभियंत्याने मापपुस्तिकेत लिहिलेल्या मापांवर ठेकेदाराचं बिल निघतं, म्हणून जागेवर टेप लावूनच लिहायचं. विश्वेश्वरय्या १८८४मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले आणि नाशिक-खानदेशात राबले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले.

सुरुवातीचा पगार आयटीतल्या मित्रापेक्षा बहुधा कमीच असेल आणि स्लॅब नेमका रविवारी निघेल. मुलाखतीत पगाराबरोबर दोन गोष्टी जरूर विचारा : साइटवर टेस्टिंगची सोय आहे का, आणि कोणत्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करायचं? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर दुसरी कंपनी बघा.

(पुढच्या आठवड्यात : एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा)